डाव्या टोकाला रेघ बाहेर

मला रोबोटमधलं काही कळत नाही. दुकान नवऱ्याचं. तो गेल्यावर बंदच करणार होते, पण आमच्या तातेइशी भागातल्या बाजारगल्लीत दुसरं काय चालवणार? मासे विकायचे तर पहाटे उठावं लागतं. म्हणून गेली चौदा वर्षं मी जुन्या-नव्या खेळण्यांच्या या दुकानात बसते आहे. रोबोट कळत नसला तरी गिऱ्हाईक कळतं. पन्नाशीचा पुरुष दारातून आत येताना एकदा मागे वळून बघतो, बायको तर येत नाही ना म्हणून. असा वळून बघणारा घेऊनच जातो.

इनागाकी तोकुजी मात्र कधी मागे बघत नाहीत. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. शाळेत एक दिवसही शिकवलेलं नाही त्यांनी, पण गुण देतात म्हणून मास्तर. कार्टून मालिकांमधले महागडे रोबोट निघतात ना, हौशी मोठ्या माणसांसाठी, त्यातला एखादा नवा आला की स्वतःच्या पेन्शनमधून विकत घ्यायचे. कंपनीनं फुकट पाठवलेला परत करायचे. मग माझ्या दुकानातल्या कोपऱ्यात स्टुलावर बसून दोन दिवस त्याला भिंगाखाली घालायचे आणि पेन्सिलीनं परीक्षण लिहायचे. ते मी टाइप करून इंटरनेटवर दुकानाच्या पानावर टाकायचे. शंभरापासून सुरुवात, दोष दिसेल तसे गुण वजा. देशभरातले हौशी लोक ते वाचून पैसे काढायचे की नाही ठरवत. कंपन्याही वाचत.

"कधीतरी चांगलं काय आहे तेही लिहा की," मी म्हणायचे.

"चांगलं असायलाच हवं, मिनेगिशीबाई. त्याचं काय लिहायचं?"

हा स्वभाव कारखान्यातला. जवळच्याच एका खेळण्यांच्या कारखान्यात मास्तर तीस वर्षं तपासनीस होते. तयार माल डोळ्यांत तेल घालून बघायचा आणि चुकलेल्या नगाच्या पायाच्या तळव्याला लाल ठिपका लावायचा. ठिपका लागलेला नग परत. चांगल्या नगावर खूण करायची नाही. तो मुकाट्यानं पुढे जाई.

त्यांची बायको फुसाए मला चांगली आठवते. नऊ वर्षांपूर्वी गेली. संध्याकाळी मास्तरांना न्यायला यायची, हातात बटाट्याच्या तळलेल्या क्रोकेट-वड्यांची गरम पिशवी, आणि दाराबाहेरच उभी राहायची. "आत या की," मी म्हणायचे. तर हसून म्हणायची, "नको बाई. यांचे डोळे घरी पुष्कळ पाहिलेत मी." मला वाटायचं, नवऱ्याच्या डोळ्यांबद्दल बोलतेय. ती रोबोटच्या डोळ्यांबद्दल बोलत होती, हे मला गेल्या शरदात कळलं.

गेल्या शरदात इवागामी आला.

इवागामी म्हणजे पंचेचाळीसेक वर्षांपूर्वीच्या एका मालिकेतला रोबोट. डोंगरातून निघतो, छातीतून आग टाकतो, काय ते. त्या वेळी त्याचं धातूचं खेळणं मास्तरांच्याच कारखान्यात बनलं होतं. कारखाना केव्हाच बंद झाला. आता दुसऱ्या एका कंपनीनं ते जुनं खेळणं जसंच्या तसं, पण उंची सामान वापरून पुन्हा काढलं. किंमत बहात्तर हजार येन. एवढ्यात माझं दोन महिन्यांचं दुकानभाडं निघतं. तरी माझ्याकडचे तेवीस नग आठवड्यात गेले. चोविसावा मास्तरांचा.

त्या दिवशी मास्तर नवी इस्त्रीची पँट घालून आले होते. खोका उघडला, आधी नुसता वास घेतला. मग रोबोट हातात घेऊन वजन जोखलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना भिंगाबरोबर दिवाही लागतो. दिवा लावला आणि मान खाली गेली ती दुसऱ्या दिवशी चारला वर आली. परीक्षण असं होतं:

"वजन योग्य. मनगट फिरवताना आवाज सुका, पण सांधा ढिला नाही. छातीचं झाकण बंद होताना एक केसभर फट राहते, वजा दोन. उजव्या टाचेच्या आत साच्याची धार लागते, वजा एक. खोक्याचा निळा रंग मूळ निळ्यापेक्षा फिका, वजा दोन. डोळ्याखालची काळी रेघ डाव्या टोकाला बाहेर गेली आहे. एवढ्या किमतीत हे अक्षम्य. वजा चार. एकूण एक्याण्णव."

"एक्याण्णव?" मी म्हटलं. "मास्तर, ताप आहे का? एवढे गुण तुम्ही स्वतःच्या आईलाही दिले नसते."

"काम चांगलं आहे," ते म्हणाले. मग घाईनं म्हणाले, "हे लिहू नका."

मी टाकलं पानावर. ते अक्षम्य वाचून लोक पेटले. बाकीचे दोष कुणाच्या लक्षात नाहीत, सगळे त्या रेघेच्या मागे. भिंगं काय आणली, फोटो काय काढले! बहात्तर हजार मोजून वाकडा डोळा, म्हणून कंपनीला पत्रांवर पत्रं. तीन आठवड्यांत कंपनीनं जाहीर माफी मागितली. सर्व ग्राहकांना डोकं बदलून मिळेल. सदोष डोकं काढून जिथून घेतलं त्या दुकानात जमा करा, नवं न्या. जमा झालेली डोकी वितळवण्यात येतील.

म्हणजे काम माझ्या बोकांडी. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मी फणफणत पुठ्ठ्याचा खोका काढला, त्यावर 'डोकी' असं लिहून ठेवलं.

नव्या डोक्यांच्या पार्सलात मास्तरांच्या नावानं एक पाकीट होतं. कंपनीत ज्यानं हा रोबोट घडवला त्या कारागिराचं पत्र, हातानं लिहिलेलं. मास्तर स्टुलावर बसले होते. दिवा डोळ्यांवर येत होता म्हणून म्हणाले, "तुम्हीच वाचा."

मी वाचलं. आधी दोन ओळी थंडी पडू लागल्याच्या, मग माफी. मग लिहिलं होतं: 'सबब सांगत नाही, केवळ माहितीसाठी कळवतो. त्या काळचे विकले गेलेले इवागामी मुलांनी खेळून मोडले. न हाताळलेला एकच नग आम्हाला मिळाला, जुन्या कारखान्याच्या मालकांच्या घरी, खणात. त्यावरूनच आम्ही सगळं घेतलं. डोळ्याखालची रेघ त्या नगावर तशीच आहे. उजव्या हाताचा माणूस डावीकडून उजवीकडे रेघ ओढतो, त्यामुळे कुंचला उचलताना शेपूट राहिलंच तर ते उजव्या टोकाला राहतं. इथे ते डावीकडे आहे. रंगवणारी व्यक्ती डावखुरी असावी. ती रेघ मला फार सुंदर वाटली आणि ती जमावी म्हणून मी दोन महिने सराव केला. मूळ नगाच्या तळव्याला एक लाल ठिपका होता. तो कशाचा ते न कळल्यामुळे घेतला नाही. आपण दोष दाखवून दिलात, आभारी आहे.'

सोबत जुन्या नगाचा फोटो होता. मी तो पुढे केला. मास्तरांनी भिंगाखाली धरला. मान वर येईना तेव्हा मी म्हटलं, "चहा टाकू?"

"फुसाए डावखुरी होती," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. रोबोटचे डोळे यंत्रानं होत नसत. आसपासच्या बायका घरी बसून रंगवत, आणि लग्नानंतर फुसाएही रंगवू लागली. जेवणाच्या बुटक्या टेबलावर एका बाजूला भात, एका बाजूला रोबोटांचं ताट, घरभर थिनरचा वास. शाळेत मारून मारून तिला उजव्या हातानं लिहायला शिकवलं होतं, पण कुंचला ती डाव्याच हातात धरायची. रेघ तिची सगळ्यात बारीक. क्वचित डाव्या टोकाला शेपूट राहायचं, तांदळाच्या कणीच्या दहाव्या हिश्शाएवढं.

"दुसऱ्या बायकांचं एवढं मी सोडून द्यायचो," मास्तर म्हणाले. "तिचं नाही सोडलं. लोक म्हणाले असते, बायको म्हणून पास करतो."

"म्हणाले असते तर म्हणू द्यायचं!"

"हो," ते म्हणाले.

रोज रात्री जेवणं झाली की तिच्या समोर बसून तपासायचे. ठिपका लागलेला नग ती थिनरनं पुसायची आणि पुन्हा रंगवायची. एका शब्दानं कुरकुर नाही. इवागामीच्या अखेरच्या ताटात मात्र एका नगाला ठिपका लागला तेव्हा ती म्हणाली, "हे मी पुसणार नाही."

"का?"

"छान झालंय म्हणून. नीट बघा. रागावल्यासारखा होता, या रेघेमुळे तो हसेल की काय असं वाटतंय. एकदा तरी छान झालंय म्हणा ना. एवढी हजारो केली मी."

"चांगल्यावर खूण करायची नसते," मास्तर म्हणाले होते. "तुला माहीत आहे."

"खूण नकोय मला. नुसतं म्हणा."

म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो नग ठिपक्यासकट कारखान्यात नेऊन परतीच्या खोक्यात टाकला. मालिका संपली होती, उत्पादन थांबलं, पुसायची वेळच आली नाही. पास झालेले विकले गेले आणि मोडले. हा विकायचा नव्हता, म्हणून मालकांच्या खणात टिकला. त्यानंतर पस्तीसेक वर्षं संसार झाला दोघांचा. फुसाएनं पुन्हा काही विचारलं नाही.

"तिच्या आजारपणातही म्हणाला नाहीत?" मी विचारलं.

"सूप चांगलं झालंय, असं ती नर्सला म्हणाली एकदा. तेव्हा वाटलं होतं, म्हणावं काहीतरी. मग डॉक्टर आले."

मला मास्तरांचा राग आला. खरं सांगते, त्या क्षणी दया आली नाही, रागच आला. दाराबाहेर पिशवी धरून उभी असलेली ती बाई डोळ्यांपुढे आली. क्रोकेट थंड होऊ नयेत म्हणून छातीशी धरायची. मी चहाचा पेला जरा आपटूनच ठेवला.

"आणि रेघ ओळखलीसुद्धा नाहीत तुम्ही," मी म्हणाले. "दोन दिवस भिंगाखाली घालून!"

"रेघ लगेच दिसली," ते म्हणाले. "दोष म्हणून दिसली. मला ती दुसरी कशी दिसतच नाही, मिनेगिशीबाई." आणि तिथे स्टुलावर बसून ते रडले, चष्मा न काढता. माझा राग मग राहिला नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी दुरुस्ती लिहिली. 'माझ्या परीक्षणात चूक झाली आहे. डोळ्याखालची रेघ मूळ कारागिराची आहे आणि ती उत्तम आहे. वजा केलेले चार गुण परत देत आहे. डोकं बदलू नये.' उत्तम हा शब्द त्यांनी दोनदा खोडून पुन्हा लिहिला होता. पुढच्या आयुष्यात काय लिहितील ठाऊक नाही, पण तेव्हापासून आजपर्यंत दुसरं परीक्षण त्यांनी लिहिलेलं नाही.

काही उपयोग झाला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, लोकांचं काय जातं! मास्तर विकले गेले, कंपनीनं पाकीट दिलं, म्हातारपणी नजर गेली, वाट्टेल ते लिहिलं. मी कंपनीला फोन केला. मुलगी फार अदबीनं बोलली. नवी डोकी तयार आहेत, ग्राहकांची मागणी आहे, क्षमस्व, क्षमस्व. फोनवरही ती कमरेतून वाकून माफी मागत असणार, पण हो म्हणाली नाही.

गिऱ्हाइकं एकेक करून आली. रुमालात गुंडाळून, काड्यापेटीत कापूस घालून डोकी आणून दिली. प्रत्येकाला मी म्हटलं, "राहू द्या की हेच, मूळचं आहे." एक जण म्हणाला, "ताई, बहात्तर हजार दिलेत. निर्दोष हवं." त्याचंही चुकलं नाही. त्याला निर्दोष म्हणजे काय ते मास्तरांनीच शिकवलं होतं. तेवीसच्या तेवीस जमा झाली. मास्तरांचं तेवढं घरी फुसाएच्या फोटोपुढे, नैवेद्याच्या भाताच्या वाटीशेजारी.

पाठवायच्या दिवशी दुपारी मास्तर आले. इस्त्रीची तीच पँट. म्हणाले, "बांधण्याआधी एकदा तपासू का?"

"काय तपासायचं आता? वितळायला चाललीत ती."

"तरी."

मी खोका त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दिवा लावला, भिंग काढलं. खिशातून लाल पेन्सिल काढली, बघितली आणि परत खिशात ठेवली. एक डोकं उचललं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, दिव्याखाली सावकाश फिरवलं. घसा साफ केला. पुन्हा घसा साफ केला.

"छान झालंय," ते म्हणाले.

ते कापसावर ठेवलं आणि दुसरं उचललं. पुन्हा तसंच, डावीकडून, उजवीकडून, दिव्याखाली. "छान झालंय." घाई नाही, एकही गाळलं नाही. मी शोकेसची काच पुसत उभी राहिले. पुसलेलीच होती.

कुरिअरवाला दारात आला. घामाघूम, हातात कागद. "काकू, एवढाच ना खोका? द्या, गाडी रस्त्यात उभी आहे."

"थांब जरा," मी म्हटलं. "अजून सात राहिलीत."