धुरपताबाईंच्या हनुवटीवरचे ठिपके

माझी मुलगी समीक्षा बी.एस्सी. झाली आणि आमगावला खेमराजच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसू लागली. तेव्हापासून मला एकच धास्ती आहे, तिच्या हातून कुणाचा तरी चेहरा बिघडेल. लग्नाच्या अल्बममध्ये एखादीचा गाल जास्त गोरा झाला तर लोक हसून सोडून देतात. पण वारलेल्या माणसांचे जुने फोटोही तिच्याकडे येतात, आणि बहुतेकदा घरात दुसरा फोटो नसतो.

काम कसं चालतं ते तिनं मला समजावलं होतं. क्लोन करायचं म्हणजे शेजारची चांगली त्वचा उचलून डागावर ठेवायची. ही दुरुस्ती ती मूळ फोटोवर करत नाही, त्याच्यावर एक वेगळा थर घेऊन करते आणि त्या थराला मास्क लावते. मास्कवर काळा ब्रश फिरवला की तिथली दुरुस्ती झाकली जाते आणि खालचं मूळ दिसतं. पांढरा फिरवला की दुरुस्ती परत येते.

"काहीच पुसलं जात नाही, आई. उगाच घाबरतेस."

२००८च्या उन्हाळ्यात दवनीवाड्याचा मुन्ना आपल्या आईचा फोटो घेऊन आला. धुरपताबाई नुकत्याच वारल्या होत्या, तेरवीला फोटो हवा होता. ओल शिरून फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता आणि चेहराभर बुरशीचे ठिपके पडले होते. समीक्षानं तो काचेसकट स्कॅन केला. नंतर मुन्नानं घाईघाईनं फोटो काचेवरून ओढला, तर चेहऱ्याचा पापुद्रा काचेवरच राहिला. आता धुरपताबाईंचा चेहरा उरला होता तो फक्त कॉम्प्युटरमध्ये.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी समीक्षाचा डबा घेऊन गेले, तर काउंटरशी मुन्ना आणि त्याची बहीण चंदा उभे. चंदाच्या हातात नवा फोटो होता.

"हे आमची माय नोहोय."

"अवो ताई, तोच फोटो आहे," खेमराज म्हणाला. "देखो ना, कितना साफ किया है."

"साफ? मायचं गोंदण कुठी गेलं? हनुवटी कोरी करून ठेवली! माह्या मायले शाळेतली मास्तरीण करून टाकलं का तुम्ही?"

समीक्षाचा चेहरा उतरला. तिच्या सख्ख्या आजीच्या हनुवटीवर गोंदण होतं, तरी इथे बुरशीच्या गर्दीत तिनं तेही डागच समजून क्लोननं झाकलं होतं. माझ्या मात्र मनात दुसरंच आलं. कॉम्प्युटरमध्ये जागा उरत नाही म्हणून खेमराज काम संपलं की सगळे थर एकत्र करायला लावतो, मग खालचं मूळ परत मिळत नाही. तसं केलं असेल तर धुरपताबाई गेल्याच. समीक्षा फाईल शोधत होती आणि मी तिच्या पाठीकडे बघत होते.

थर होते. मी स्टुलावर बसले.

पण तिनं हनुवटीवर काळा ब्रश फिरवला आणि सगळेच ठिपके वर आले, गोंदणाचे आणि बुरशीचेही. दिसायला सारखेच. मग तिनं पांढऱ्या ब्रशनं हनुवटी पुन्हा कोरी केली, ब्रश अगदी बारीक केला आणि चंदाला शेजारी खुर्ची दिली.

"ताई, मी एकेक ठिपका उघडते. तुमच्या आईचा कोणता ते तुम्ही सांगा."

"हा मायचा," चंदा म्हणाली. "हाही. हा नाही, झाक त्याले. हा खालचा मायचा."

ओठाच्या जरा बाजूला एक ठिपका निघाला. चंदा म्हणाली, "मायचा."

मुन्ना मागून वाकला. "काहीही काय सांगून राहिली? ती बुरशी होय."

"गोंदताना माय हालली होती, म्हणून तो तिकडे गेला. मी पोट्टी असताना त्याच्यावर बोट ठेवून झोपत होतो. तुले काय ठाऊक? तू तर दिवसभर बांधावर."

तेवढ्यात लाईट गेली आणि यूपीएस टीं टीं करू लागला. समीक्षाचा हात माउसवर थांबला होता.

"सेव्ह कर," मी म्हणाले. माझा आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला.

तिनं सेव्ह केलं आणि दबकत विचारलं, "दोन्ही तऱ्हेच्या प्रिंट काढून देऊ का?"

"दोन माया होत्या का आम्हाले?" चंदा म्हणाली.

मुन्ना पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ठेव. इले ठाऊक असन."

लाईट आल्यावर प्रिंट निघाली. चंदानं ती हातात घेतली आणि पदरानं झाकून घेऊन गेली. तो ठिपका गोंदणाचा होता की बुरशीचा, हे मला आजही माहीत नाही. समीक्षालाही नाही. आता त्यांच्या घरी तो धुरपताबाईंचाच.

तेव्हापासून समीक्षा कुणाच्याही चेहऱ्यावरची खूण विचारल्याशिवाय झाकत नाही. परवा एका नवरदेवालाच तिनं फोन लावला. "दादा, गालावरचा तीळ तुमचाच ना?" खेमराज कपाळाला हात लावून म्हणाला, "मैडम, ऐसे में तो एक सीजन में एक ही अल्बम निकलेगा." हसून म्हणाला खरा. पण लग्नसराई तोंडावर आहे, अल्बम साचलेत, आणि तो गोंदियाहून दुसरा मुलगा आणायचं म्हणतोय. मी समीक्षाला म्हटलं, जरा भरभर हात चालव बाई. ती म्हणाली, "आणि चुकलं तर?"