चौथा मैल आणि सुकलालचा बैल

पिंपरवळच्या सुकलाल पाटलाला कशावरही मत विचारलं की तो आधी पागोटं सारखं करायचा. मत असायचंच. तापीकाठच्या त्या गुजर वस्तीत कापूस कुणाचा चांगला पिकला यावर वाद होई, पण बोलण्यात सुकलालचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्याच्या बायकोलाही मतं होती. पण ओट्यावर सासरे रेवजीबुवा बसलेले असत, आणि सासऱ्यांच्या देखत सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही अशी रीत. जसोदाबाईंनी त्यावर आपला तोडगा काढला होता. त्या गोठ्यात जात, लाख्या नावाच्या तांबड्या बैलाच्या पाठीवर हात ठेवत आणि जे सांगायचं ते त्याला सांगत. आवाज मात्र ओट्यापर्यंत पोचेल एवढा ठेवत. सुकलालही तिला कधी नावानं हाक मारत नसे, लेकीच्या नावावरून ‘सिंधूनी माय’ म्हणे. बायकोचं नाव चारचौघांत घेणं त्याच्या तोंडाला जमलंच नसतं.

छपन्न साली गावापासून फाट्याच्या मोठ्या गावापर्यंत खडीची सडक झाली. चार मैलांची. फाट्यापासून मैलामैलाला पांढरे दगड रोवले, चौथा अगदी गावच्या शिवेवर. आणि मग जिल्हा बोर्डाचे साहेब आले. लोखंडी धावेच्या चाकांनी सडक उखडते, म्हणून जी गाडी जितके मैल जाईल तितक्या पैशांचा आकार फाट्यावरच्या नाक्यावर द्यावा असं बोर्डाच्या मनात होतं. पण आधी लोकांचं मत घ्यायचं होतं.

मत द्यायला सगळा गाव सुकलालच्या ओट्यावर लोटला. भाड्यानं गाड्या देणारे शांतीलालभाई म्हणाले, “रिकामी गाडीना पैसा कसाले? ती सडकले काय तरास देस?” रेवजीबुवांनी सुचवलं, “पायी चालनारासवर लावा. त्या जास्ती शेतस.” प्रत्येकाला आकार मान्य होता, फक्त तो शेजाऱ्यानं द्यावा एवढंच म्हणणं होतं. शेवटी सुकलाल उठला, पागोटं सारखं केलं आणि म्हणाला, “सडक जागावरच पडेल शे, हालतस आम्ही! मंग मजुरी आमले भेटाले पाहिजे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरला तेव्हा गोठ्यातून आवाज आला, “लाख्या, गये साल चिखलमा तुन्ही मान मोडाले उनी व्हती. आते सडक बनी गयी, तर दोन पैसा देवाले काय हरकत शे?”

साहेबांनी चमकून पाहिलं. सुकलाल म्हणाला, “कोनी नही. बैलसंगे बोली ऱ्हायनी.” आणि बैलाचं मत कुणी लिहून घेतलं नाही.

आकार बसलाच. सुकलालचा अपमान झाला. मग एके दिवशी भर दुपारी, उन्हाच्या तावानं सडकेवर चिटपाखरू नसताना, त्यानं खताची गाडी जुंपली, खताखाली पहार ठेवली आणि पहिले तीन दगड थोडे थोडे गावाकडे सरकवले. तिसरा शिवेवर येऊन बसला. चौथा उरला, तो त्यानं घरी आणून विहिरीपाशी पालथा घातला आणि बायकोला धुण्याचा दगड आणला म्हणून वर मोठेपणाही मिळवला. नाकेदार दगडावरचा आकडा विचारून पैसे घेई, त्यामुळे गावाचा एक मैल वाचला. गावाला सगळं कळलं होतं आणि कुणालाच काही माहीत नव्हतं. सुकलाल महिनाभर छाती काढून चालला.

त्याच सुमारास त्याची सिंधू चौथी पास झाली. गावची शाळा तिथेच संपत होती. पोरगी हुशार, तिला पुढे शिकवायचं हे जसोदाबाईंनी मनाशी धरलं होतं, आणि सुकलालनंही पोरीला शब्द दिला होता. पाचवीच्या वर्गासाठी गावानं अर्ज केला, शाळाखात्याचे साहेब बघायला आले. ओट्यावर गावकऱ्यांसोबत चहा घेता घेता ते म्हणाले, “अर्ज चांगला आहे हो. पण फाट्याला पाचवीची शाळा आहे. तीन मैलांपर्यंत शाळा असली की दुसरी देता येत नाही. तुमचा गाव आणखी मैलभर लांब असता तर आज मंजूर केली असती. येताना शिवेवरचा दगड पाहिला मी. तीनच मैल.”

सुकलालनं पागोट्याला हात लावला आणि तो तसाच राहिला. गावाकडे पाहिलं, तर शांतीलालभाई चहाच्या बशीत बघत होते. सिंधू दाराआड उभी होती, तिचे डोळे भरून आले. फाट्यापर्यंत एकटी पोर रोज जाणार नव्हती, हे तिलाही कळत होतं.

गोठ्यातून आवाज आला. या वेळी तो मोठा नव्हता. “लाख्या, मन्ही सिंधूनी शाळा त्या धोंडाखाल दबाई गयी रे.”

सुकलाल उठला. विहिरीवर गेला. साबणानं बुळबुळीत झालेला दगड त्यानं उलटला, खांद्यावर घेतला आणि आणून साहेबांच्या पायाशी ठेवला. “साहेब, हाऊ चौथा मैल. मीच दपाडी ठेयेल व्हता.”

साहेब इतके हसले की चहा सांडला. दगड जागच्या जागी लागले तर वर्ग मंजूर, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सुकलालनं सगळ्यांच्या देखत दगड परत रोवले. फाट्याकडच्या नाकेदारानं त्या खेपेचाही आकार घेतला. मैल वाढला म्हणून गाव आठवडाभर त्याच्याशी धड बोलला नाही, आणि पाचवीचा वर्ग उघडला तेव्हा पोरांना घेऊन सगळ्यांच्या आधी गाव तिथे हजर होता.

वर्षानं बोर्डाचे साहेब पुन्हा आले. आकार चालू ठेवावा का, लोकांचं मत काय? सगळ्यांनी सुकलालकडे पाहिलं. तो पागोटं सारखं न करताच म्हणाला, “मन्हं मत ऱ्हाऊ द्या. मन्हा लाख्याले इचारा.”

हशा झाला. रेवजीबुवा खाकरले आणि दाराकडे न बघता म्हणाले, “लाख्या पानीवर गयेल शे. तूच सांग, बहू.”

पदर पुढे ओढून जसोदाबाई उंबऱ्यावर आल्या. ओट्यावर त्या पहिल्यांदाच माणसांशी बोलत होत्या. “पैसा ल्या. पन पानी पडाना आगोदर खड्डा बुजा. आनि बीमार मानूसले दवाखानामा लई जास त्या गाडीना पैसा लेवू नका.”

कुणीच हसलं नाही. साहेबांनी टाक उचलला. “बरोबर आहे. कुणाचं मत म्हणून लिहू? सुकलाल पाटलांचं?”

“नही,” सुकलाल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “जसोदाबाईनं. जसोदाबाईनं मत लिखा.”