केस पिकेपर्यंतची परीक्षा

परवा दारात सुतार प्लायवूड कापत होता आणि त्या वासासरशी मला लातूरची अभ्यासिका आठवली. तिथे प्रत्येकाला प्लायवूडचा एकेक कप्पा, डोक्यावर ट्यूबलाइट आणि कोपऱ्यात कूलरची घरघर. स्पर्धा परीक्षेत मी पुन्हा नापास झालो होतो. अजून एकदा बसावं की जळकोटला शेतीवर परतावं, हे ठरत नव्हतं. अशाच एका दुपारी माझे वडील, आबा, गावाहून एसटीने डबा घेऊन आले, तेव्हा माझ्यापुढे चीनचा इतिहास उघडा होता. "काय लिव्हलंय त्यात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की तिकडे पूर्वी राजाच्या नोकरीसाठी परीक्षा असायची. उमेदवारांना अशाच कप्प्यांत कोंडायचे, काही जण तर केस पिकेपर्यंत परीक्षा देत राहायचे. आबांनी ओळीने माना खाली घालून बसलेल्या पोरांकडे पाहिलं. "पास झालेले सायब झाले आसतील. नापास झालेले काय करायचे रे?" मी पानं चाळली, पण पुस्तकात ते दिलेलंच नव्हतं. "बरं, जेव आधी," म्हणत त्यांनी डबा उघडला. उत्तर पुढे दुसऱ्या एका पुस्तकात सापडलं: त्यातले पुष्कळ जण गावोगाव मास्तर झाले. तोवर मी औशाच्या शाळेत हजेरी घ्यायला लागलो होतो.