लेकीला न सांगितलेला आकडा

माझी मुलगी मेडिकलचं शिक्षण दुसऱ्या वर्षात सोडून अॅम्ब्युलन्सवर काम करायला लागली, तेव्हा मी जवळजवळ वर्षभर तिच्याशी नीट बोलले नाही. भांडण असं झालं नव्हतं. फोन व्हायचे. जेवलीस का, गाडीचे टायर बदललेस का, एवढंच. मी नागपूरहून या देशात आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधते. मुलीच्या निर्णयातही तेच करत होते.

म्हणून एका रविवारी तिनं फोनवर "मी तीन आठवडे बोलिव्हियाला चाललेय, बॅकपॅकिंगला. तुला यायचंय?" असं विचारलं, तेव्हा मला वाटलं, उगाच विचारायचं म्हणून विचारतेय. माझ्या नवऱ्याचे गुडघे कामातून गेलेले. तो म्हणाला, "तिनं विचारलंय ना? मग जा. पुन्हा विचारेलच असं नाही."

आमचं गाव, मॉरिसव्हिल, सगळं सपाट. चढाचा सराव करायला जागा नाही. मी ऑफिस सुटल्यावर पार्किंग डेकचे पाच मजले जिन्यानं चढायची आणि उतरायची. पाठीवर सॅक, आत सोना मसुरी तांदळाची वीस पौंडांची पिशवी. चोपन्नाव्या वर्षी हे काय खूळ, असं ऑफिसमधल्या मैत्रिणींना वाटत असणार. पण मला बरं वाटत होतं.

ला पाझला उतरलो आणि विमानतळावरच धाप लागली. मुलीनं पहिल्याच दिवशी नियम सांगितला. सकाळ-संध्याकाळ बोटाला मशीन लावून ऑक्सिजन बघायचा. कोविडच्या काळात घरोघरी आलेलं तेच चिमट्यासारखं मशीन. डोकं दुखलं तर सांगायचं, खोकला आला तर सांगायचं, लपवायचं नाही. "आई, आय मीन इट. उंचीवर माणसं लपवतात, आणि मग उशीर होतो." ती हे ज्या आवाजात बोलली तो मी कधी ऐकला नव्हता. कामावरचा आवाज असावा तो. मी मान डोलावली, आणि मनात म्हटलं, मला शिकवते आता.

आठवडाभर शहरात आणि तळ्याकाठी काढून शरीर सवयीचं केलं आणि मग डोंगररांगेतल्या चार दिवसांच्या चालीला निघालो. आम्हा दोघींबरोबर आणखी एकच प्रवासी होते. ओहायोतले निवृत्त शिक्षक, सहासष्ट वर्षांचे, उंच, सडपातळ. गाइड म्हणून तिथलीच एक बाई होती, चाळिशीची, घेरदार घागरा आणि आत लोकरी विजार घालून आमच्या दुप्पट वेगानं चढणारी. सामान वाहायला दोन खेचरं होती, आणि ती हाकायला तिचा नवरा. मुलगी त्या दोघांशी सफाईनं स्पॅनिश बोलायची. कुठे शिकलीस म्हटलं तर म्हणाली, "अॅम्ब्युलन्समध्ये. अर्धे पेशंट स्पॅनिश बोलतात." मला माहीतच नव्हतं.

शिक्षक माझ्याच चालीनं चालायचे, म्हणजे हळू, त्यामुळे आमच्या खूप गप्पा व्हायच्या. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. खिशात घडी घालून झिजलेला कागदी नकाशा असायचा. "हीच डोंगररांग मी मुलांना नकाशावर छडीनं दाखवायचो," ते म्हणाले, "आणि स्वतः देशाबाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं." बायको अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं त्यांनीच केलं. ती गेल्यावर पहिला प्रवास हा. मला त्यांनी मराठीत डोंगराला काय म्हणतात ते विचारलं आणि दिवसभर 'डोंगार, डोंगार' घोकत राहिले. मुलगी माझ्याशी बोलताना त्यांना 'काका' म्हणायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मेंढपाळांच्या एका दगडी झोपडीपाशी मुक्कामाला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटची खिंड ओलांडायची होती. वर बर्फ किती आहे ते बघायला मुलगी आणि गाइड पुढे गेल्या. खेचरवाला जनावरांना चरायला घेऊन गेला. मी उन्हात बसून उकडलेले बटाटे सोलत होते. शिक्षक भिंतीला टेकून बसले होते. ते खोकत होते. कोरडा, छोटा खोकला, पण थांबत नव्हता. नुसतं बसूनही त्यांना दम लागत होता.

त्यांच्याकडे स्वतःचं मशीन होतं. त्यांनी ते बोटाला लावलं, बघितलं, काढलं. हात काखेत घालून गरम केले, पुन्हा लावलं. मग माझ्यासमोर धरलं. एकाहत्तर.

त्या उंचीवर आम्हा बाकीच्यांचे आकडे ऐंशीच्या वर होते. एवढं मलाही कळत होतं.

"मुलगी आली की सांगते तिला," मी म्हटलं.

त्यांनी माझं मनगट धरलं. "नका सांगू. ती मला लगेच खाली नेईल."

"मग जा ना खाली."

"उद्या फक्त दोन तासांचा चढ आहे. पलीकडे सगळा उतारच. खिंडीतून खाली ढग दिसतात आणि ढगांच्या खाली जंगल. तेवढं बघू दे मला." थोडा दम घेऊन ते म्हणाले, "तुम्हाला समजेल. या मुलांना नाही समजणार."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. बटाटे सोलत राहिले.

मी गप्प का बसले, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. अकरा वर्षं एका खोलीत काढलेल्या माणसाला त्याचे दोन तास मिळावेत असं वाटलं, हे खरं आहे. ते खाली गेले तर आम्हा सगळ्यांनाच परतावं लागेल, आणि मुलीबरोबरचे दिवस संपतील, ही भीतीही होती. आणि आणखी एक, जे सांगायला मला सगळ्यात जड जातं. ते तीन दिवस मुलगी प्रत्येक बाबतीत बरोबर ठरत होती, आणि त्याचा मला कंटाळा आला होता. 'मुलांना नाही समजणार' हे वाक्य मला आवडलं होतं.

दोघी परत आल्या. अंधार पडायच्या आत मुलीनं सगळ्यांचे आकडे विचारले. शिक्षक म्हणाले, "मी आत्ताच माझ्या मशीनवर बघितलं. त्र्याऐंशी." आणि ते झोपायला आत गेले.

मुलगी माझ्याजवळ आली आणि मराठीत, म्हणजे त्यांना कळू नये म्हणून, हळूच म्हणाली, "आई, काका बरे आहेत ना? दुपारभर तू होतीस त्यांच्याजवळ."

"थकलेत फक्त," मी म्हटलं.

सकाळी उजाडल्यावर त्यांना उठून बसता येईना. ओठ निळसर झाले होते, श्वासाबरोबर छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. खोकल्याबरोबर गुलाबी फेस आला. मुलीनं एकदाच त्यांच्याकडे बघितलं आणि कामाला लागली. जवळची ऑक्सिजनची छोटी बाटली लावली, गोळी दिली, गाइडला दोन वाक्यं सांगितली. पाच मिनिटांत एका खेचरावरचं सामान खाली टाकून त्यावर त्यांना बसवलं होतं. एका बाजूनं मुलगी त्यांना धरून चालत होती, दुसऱ्या बाजूनं खेचरवाला. गाइड जीप बोलवायला पुढे पळत गेली. मी मागे, माझी सॅक पाठीवर आणि मुलीची पोटावर घेऊन.

साडेचार तास आम्ही उतरत होतो. ऑक्सिजन मध्येच संपला. सगळ्या वाटेवर ती त्यांच्याशी बोलत होती. शाळेबद्दल विचारत होती, कुठली नदी कुठे जाते विचारत होती. सुरुवातीला ते उत्तर द्यायचे. मग नुसतं बोट हलवायचे. मग तेही थांबलं. मी एकदा पुढे जाऊन म्हटलं, "बेटा, मला तुला काही सांगायचंय." ती वळलीसुद्धा नाही. "नॉट नाऊ, आई."

कच्चा रस्ता लागला तिथे जीप येऊन उभी होती. त्यांना खेचरावरून उतरवतानाच त्यांचा श्वास थांबला. मुलीनं त्यांना रस्त्याच्या कडेला मातीत आडवं केलं आणि छाती दाबायला सुरुवात केली. त्या विरळ हवेत चार पावलं चाललं तरी दम लागतो. ती तिथे गुडघ्यांवर बसून चाळीस मिनिटं दाबत राहिली. मध्ये गाइडच्या नवऱ्यानं केलं, मला दाखवलं तसं मी केलं, मग पुन्हा ती. तिच्या केसांतून घाम त्यांच्या शर्टवर पडत होता. शेवटी तिनं हात काढले, मानेला बोटं लावून बघितलं आणि घड्याळात बघून वेळ मोठ्यानं सांगितली. लिहून घ्यायला कोणीच नव्हतं. "आई, लिही ना," ती म्हणाली. मी माझ्या तळहातावर लिहिलं.

गाइडनं डोक्यावरची शाल काढून त्यांच्या अंगावर घातली. तिनं हात जोडून काहीतरी पुटपुटलं. मी रामरक्षा म्हणायला लागले आणि मध्येच विसरले.

दुसऱ्या दिवशी ला पाझमध्ये पोलिसांकडे जबाब द्यायचा होता. एक वयस्क अधिकारी टाइप करत होते, मुलगी स्पॅनिशमध्ये सांगत होती. आकडे सांगायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "आदल्या संध्याकाळी त्र्याऐंशी." एवढं मलाही समजलं.

"नाही," मी म्हटलं. "एकाहत्तर होता."

ती माझ्याकडे वळली. "काय?"

"दुपारी त्यांनी मला दाखवला. सांगू नका म्हणाले. मी नाही सांगितलं तुला."

अधिकाऱ्यांची बोटं टाइपरायटरवर थांबली होती.  मग मुलीनं त्यांच्याकडे वळून स्पॅनिशमध्ये नवा आकडा सांगितला, आणि तो कोणाला माहीत होता तेही सांगितलं. त्यांनी ते टाइप केलं.

बाहेर पायऱ्यांवर तिनं विचारलं, "दुपारी किती वाजता?"

"तीनच्या सुमारास."

तिचा हिशोब मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. तीन वाजता निघालो असतो तर अंधार पडायच्या आत किती खाली आलो असतो. "ही वुड हॅव लिव्ह्ड," ती म्हणाली. मग, "प्रॉबेब्ली." आणि पायऱ्या उतरून झाल्यावर, "मी रोज लोकांच्या घरी जाते, आई. रोज कोणीतरी दारात मला सांगतं, थकलेत फक्त. मी कधीच विश्वास ठेवत नाही. परवा ठेवला. कारण तू सांगितलंस."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "आय नो." माफ केलं असं ती म्हणाली नाही. परतीच्या तिन्ही विमानांत आम्ही शेजारी बसलो होतो. माझ्या पायांना गोळे आले तेव्हा तिनं उठून मला पाणी आणून दिलं आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

शिक्षकांना मूलबाळ नव्हतं. एक धाकटी बहीण होती, ओहायोत. घरी आल्यावर महिन्याभरानं तिचा माझ्या मुलीला फोन आला. शेवटचे तास कसे गेले ते तिला जाणून घ्यायचं होतं. मुलीनं सगळं सांगितलं. वाटेत ते काय काय बोलले, कोणती नदी कुठे जाते म्हणाले, सगळं. माझ्याबद्दल काही बोलली नाही. "ते तुझं आहे," मला म्हणाली. "तू सांग, किंवा नको सांगू."

फोनवर सांगणं मला बरं वाटलं नाही. मी एका शनिवारी जायचं ठरवलं. आठ-नऊ तासांचा ड्राइव्ह होता. मुलगी आदल्या संध्याकाळी तिच्या गावाहून घरी आली आणि म्हणाली, "मी ड्राइव्ह करते. आत येणार नाही."

बहीण साठीची, भावासारखीच उंच. तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, कॉफी दिली. भाऊ प्रवासाला निघताना किती आनंदात होता ते सांगायला लागली. मी तिला थांबवलं आणि झोपडीपाशी झालेलं सगळं सांगितलं. आकडाही सांगितला. त्यांनी मनगट धरलं, ते काय म्हणाले, मी मुलीशी काय खोटं बोलले, तेही.

ती उठली आणि मागच्या दारानं अंगणात गेली. काचेतून मला तिची पाठ दिसत होती. कॉफी गार झाली. मी निघून जावं की थांबावं ते कळेना, म्हणून थांबले.

ती परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. "तो तसाच होता," ती म्हणाली. "लहानपणीही मला सांगायचा, आईला सांगू नकोस. मी सांगायची. मार बसायचा त्याला, पण मी सांगायची." मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तुम्ही इतक्या लांबून येऊन सांगितलंत, ते बरं केलंत. पण मला वाटतं, आता तुम्ही जावं. आणि पुन्हा येऊ नये."

मी तिला नमस्कार केला. हात मिळवायची हिंमत झाली नाही.

मुलगी गाडीत सीट मागे करून बसली होती. तिनं गाडी सुरू केली. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका रेस्ट एरियात थांबलो तेव्हा मी बहिणीचं वाक्य न् वाक्य तिला सांगितलं. डब्यातली पोळी-भाजी ती खात होती. खाऊन झाल्यावर बोटं पुसत म्हणाली, "शी इज राइट." मी म्हटलं, "हो." मग तिनं आदल्या आठवड्यातल्या एका कॉलबद्दल सांगायला सुरुवात केली. कुठल्याशा गावातली म्हातारी, तिचा कुत्रा कोणाला आत येऊ देईना. पहिल्यांदाच ती मला तिच्या कामातलं काही सांगत होती. मी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. पुढचे चार तास ती बोलत होती आणि मी ऐकत होते.