दाबलेला प्रत्येक स्वर सुटेल

फ्रीगंजमध्ये टावर चौकाच्या मागच्या गल्लीत निहारिका पागे राहतात. पॉलिटेक्निकमध्ये शिकवतात, स्कूटीने जातात-येतात. घरी त्या जे काम करतात ते गल्लीत फारसं कोणाला समजत नाही. त्यांनी लिहिलेली एक प्रोग्रामिंग लायब्ररी देशोदेशीचे लोक वापरतात. लायब्ररी म्हणजे तयार कोड. तो आपल्या प्रोग्रामला जोडला की कीबोर्ड, ड्रम पॅड अशी वाद्यं संगणकाशी बोलू लागतात. पट्टी दाबली की एक संदेश जातो, सोडली की दुसरा, आणि आवाज त्याच क्षणी निघतो किंवा थांबतो. हा कोड कोणीही उघडून पाहावा, सुधारावा, फुकट न्यावा.

लायब्ररीच्या पहिल्या पानावर पागेबाईंनी एक ओळ लिहिली आहे: दाबलेला प्रत्येक स्वर सुटेल. मागच्या वर्षी ही ओळ पुसायची वेळ आली होती.

पोर्तुगालमधल्या एका रंगमंच तंत्रज्ञाने कळवलं, की कधीकधी त्याचा एखादा स्वर सुटतच नाही, गुणगुणत राहतो. त्याच्या टेबलावर बरीच उपकरणं होती. बाईंनी ती एकेक करून तपासायला लावली. प्रत्येक ठीक निघालं. स्वतःच्या घरीही त्यांनी एकेक वाद्य जोडून पाहिलं. शिस्तीत, जसं विद्यार्थ्यांना शिकवतात तसं. काही सापडलं नाही.

त्यांचा जुना विद्यार्थी शैलेंद्र इंदूरहून या कामात हातभार लावतो. नवी आवृत्ती काढायची होती आणि तो फोनवर वैतागला.

"मॅडम, ती ओळच बदलून टाकू न. लिहू, 'शक्यतो सुटेल'."

"मग घंटीच्या बटणावर लिही, 'शक्यतो वाजेल'."

"अहो, एका माणसाची तक्रार आहे."

"खोटी आहे का?"

"खोटी नाही, पण..."

"मग मला ऐकू येईपर्यंत आवृत्ती निघणार नाही. आणि नाहीच सापडलं, तर ओळ मी स्वतः पुसेन. शक्यतो-बिक्यतो काही नाही."

दर गुरुवारी संध्याकाळी शेजारच्या तात्यांकडे भजन असतं. तात्या रेल्वेतून निवृत्त झालेले, जन्मभर पेटी वाजवलेले. पेटीचा भाता आता त्यांना ओढवत नाही, म्हणून बाईंनी एक कीबोर्ड आणि तबल्यासाठी एक पॅड आपल्या लायब्ररीवर जोडून दिला होता. तात्यांची पद्धत पेटीचीच. सुरुवातीला खालचा सा अंगठ्याने दाबून धरायचा, गाणाऱ्यांनी सूर घ्यायचा, गजर रंगात आला की अंगठा उचलायचा.

बाई नेहमी मागे, बायकांमध्ये बसत. त्या गुरुवारी उशिरा आल्या आणि जागा मिळाली ती तात्यांच्या शेजारी. गजर रंगात आला, पॅडवर दुप्पट लयीची दुगुन सुरू झाली. तात्यांनी दोन्ही हात उचलले आणि चष्मा पुसायला घेतला. सा चालूच होता.

बाईंनी गजर संपेपर्यंत कळ काढली.

"तात्या, तो सा कोण वाजवत होतं?"

"तो? तो तर नेहमीच राहतो. पेटी एकदम बढिया दिलीस तू. आपोआप सूर धरते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. अगं मंगला, हिला सांग न."

"आम्हाला वाटलं तूच तशी सोय केलीस," बायकांमधून मंगलाबाई म्हणाल्या. "केवढं कौतुक केलं होतं तुझं!"

दुसऱ्या कुठल्याही घरात हा अडकलेला आवाज त्याच दिवशी खटकला असता. इथे गाण्यामागे अखंड सा हवाच असतो. त्यामुळे बिघाड दर गुरुवारी सगळ्यांदेखत गात होता, आणि मागे बसून पागेबाई त्याच सुरात सूर मिळवत होत्या.

कारण आता उघड होतं. पॅडवर दुगुन लागली की संदेशांची गर्दी व्हायची, रांग भरायची, आणि नेमका त्याच वेळी आलेला 'अंगठा सुटला' हा संदेश बाहेर राहायचा. एकेक वाद्य तपासताना गर्दी कधी झालीच नव्हती. बाईंनी रांगेचा नियम बदलला: पट्टी सुटल्याचा संदेश कधीही टाकायचा नाही, मग बाकीच्यांना थांबावं लागलं तरी चालेल. पोर्तुगालहून उत्तर आलं की स्वर सुटतो आहे. नवी आवृत्ती निघाली. ओळ जशीच्या तशी राहिली.

तक्रार आली ती तात्यांकडून.

"पेटी बिघडवलीस तू. गजर अगदी फिका लागला."

"तात्या, सा हवा तर अंगठा ठेवून बसा."

"अगं, एक बटण टाकून दे न, पहिल्यासारखं."

"सूर धरणारं यंत्र बाजारात मिळतं, ते आणून देते. यात नाही टाकणार."

तात्यांनी यंत्र घेतलं नाही. आता पूर्ण गजरभर ते अंगठा दाबून धरतात. प्रसादाची वाटी समोर आली की तो उचलतात, आणि सा तिथल्या तिथे थांबतो. त्या क्षणी पागेबाई मागून मान वर करून बघतात, मग प्रसाद घेतात.