चकाचकताईची फरशी

खाणीच्या कारखान्यात तिला सगळे चकाचकताई म्हणत, आणि ते नाव तिने घाम गाळून कमावलं होतं. तिच्या पाळीत फेसाच्या टाक्यांभोवतीची फरशी अशी असायची की तिच्यात बघून भांग पाडावा. स्वच्छतेची ढाल दरवर्षी ठरलेली. "त्या ढालीवरची धूळ तरी पुसत जा गं," असं सासूबाई म्हणायच्या, आणि घरावर नजर फिरवली की त्यांचं म्हणणं बिनतोड वाटायचं.

तिचं काम म्हटलं तर साधं. पिठासारखा दळलेला दगड पाण्यात कालवून टाकीत येतो, त्यात औषध सोडायचं आणि हवा फुंकायची. तांबं आणि त्याच्या संगतीचं चिमूटभर सोनं बुडबुड्यांना चिकटून वर येतं, फेस काठावरून पन्हळीत उतरतो, उरलेला गाळ कचऱ्याच्या नाल्यातून बाहेर जातो. फेस माजला की फरशीवर सांडतो. म्हणून ती हवा बेताचीच ठेवायची आणि फेसाने जरा डोकं वर काढलं की त्याच्यावर पाण्याची नळी धरायची. तिचं बघून बाकीच्या पाळ्याही तेच शिकल्या होत्या.

अशात खाण बंद होणार ही खबर पक्की झाली. खाली दगड भरपूर होता, पण त्यात धातू कमी; त्यातलाही बराचसा कचऱ्यात जाणार असेल तर तो काढणं परवडणार कसं? तिचा नवरा त्याच खाणीत डंपर चालवायचा, राहतं घर खाणीचं. सगळंच एका फटक्यात जाणार होतं. सासूबाईंनी चांगली भांडी खोक्यात भरली आणि त्यावर दोरी करकचून आवळली.

नव्या इंजिनिअरसाहेबांना बारमाही सर्दी होती, पण माणूस चिवट. एके दिवशी ते नाल्यातला गाळ ताटलीत घेऊन हलवून हलवून धूत बसले होते.

"ताई, बघा जरा." ताटलीच्या कडेला तांब्याच्या खनिजाची पिवळी चमकदार रेघ उमटली होती.

"अगंबाई! हे आपल्या टाक्यांतून आलं?"

"आत्ताच. औषध बदललं, दळण बारीक केलं, तरी जातंच आहे. बुडबुड्यांवरून मध्येच कशानं सुटतंय, तेच कळत नाही."

तिने आपल्या हातातल्या नळीकडे पाहिलं आणि ती खाली ठेवली.

"साहेब, मी फेस दाबते."

"दाबता? कशासाठी?"

"फरशी घाण होते म्हणून."

साहेब शिंकायचं विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच हवा वाढवली. फेस फुगला, काळाभोर चकाकत काठावरून धो धो उतरायला लागला, पन्हळ ओसंडली आणि तिच्या लाडक्या फरशीवर चिखल पसरला. तिचा जीव कासावीस होत होता. हात सारखा नळीकडे जाई. शेवटी तिने नळी गुंडाळून साहेबांच्या गळ्यात घातली. सांडलेला फेस फरशीच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात जमत होता आणि तिथला पंप तो पुन्हा टाकीत नेऊन सोडत होता. म्हणजे सांडून काही वाया जातच नव्हतं, आणि हे तिला इतकी वर्षं माहीत होतं! तिला हसूही आलं आणि रडूही.

संध्याकाळी प्रयोगशाळेतली मुलगी जिना धडाधड उतरत ओरडली, "निम्म्यावर! कचऱ्यातलं तांबं निम्म्यावर आलं!"

साहेबांनी टोपी उडवली, ती थेट टाकीत पडली. ती काढायलाही कुणी थांबलं नाही, एवढा गलका झाला. मग सगळ्या पाळ्यांनी महिनाभर तसंच चालवलं आणि धातू हाती येत राहिला. त्या वर्षी ढाल गोदामवाल्यांनी पटकावली. आणि एका दुपारी वरून निरोप आला: खालचा दगड काढायचा, खाण चालू ठेवायची.

पाळी संपताच ती पळतच घरी आली. बूट काढायचंही भान नव्हतं.

"आई, खाण राहिली! आपण कुठ्ठे जायचं नाही!"

दारापासून स्वयंपाकघरापर्यंत काळे चकचकीत ठसे उमटले होते. नवऱ्याने घाईघाईने फडकं उचललं.

"ठेव ते खाली," सासूबाई खोक्याजवळ बसत म्हणाल्या. "आधी कात्री आण. दोरी मीच आवळली आहे, हाताने सुटायची नाही."