पुलीवरची पांढरी खूण

धाकट्याचा पाय त्या दिवशी गॅरेजमध्ये एका जागी ठरत नव्हता. बाईंची जुनी निळी गाडी तिसऱ्यांदा परत आली होती आणि तक्रार तीच: चढ लागला की इंजिन खटखटतं.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. गावातल्या सपाट रस्त्यांवर गाडी निमूट चालायची. गेल्या महिन्यात लेकीने टेकडीवर घर घेतलं आणि हे सुरू झालं. "मला काही घाई नाही," बाई बाकावर बसत म्हणाल्या. त्यानेच धाकट्याला जास्त घाम फुटला.

गॅरेज दोघा भावांचं. पाटी अजून तेच सांगते, पण थोरला दोन वर्षांत तिथे फिरकलेला नाही. थोरला टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी पडायची नेमकी वेळ, कानाने लावायचा. डोळे मिटायचे, ती वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा, की झालं. धाकटा पडला शिस्तीचा. त्याने ठिणगीबरोबर लुकलुकणारी टायमिंग लाइट आणली, इंजिनाबरोबर फिरणाऱ्या पुलीवरच्या खाचेत पांढरा रंग भरला आणि याच गाडीवर, याच बाईंसमोर, भावाचं काम तपासलं. खूण इंजिनावरच्या काट्यापासून दोन बोटं बाजूला. "दादा, तुझे कान गेले आता," तो म्हणाला आणि खूण काट्यासमोर येईल असं टायमिंग बदललं. थोरल्याने पाना पुसून जागेवर ठेवला आणि घरी गेला, तो गेलाच. माणूस हुशार असला की जीभ आवरत नाही, दुसरं काय!

आता धाकट्याने प्लग बदलले होते, कार्बोरेटर धुतला होता, पेट्रोलसुद्धा नवं भरलं होतं. पुन्हा लाइट मारली. पांढरी खूण काट्यासमोर तंतोतंत. त्याने लाइट आपटली, उचलली, परत मारली.

"ती खूणच बरोबर आहे कशावरून?" बाईंनी विचारलं. आयुष्यभर दुसऱ्यांची उत्तरं तपासलेली बाई ती.

"खूण कशी चुकेल?" तो तुटकपणे म्हणाला. पण मनात पाल चुकचुकली. त्याने पहिला प्लग काढला, भोकातून बारीक काठी सोडली आणि पान्याने इंजिन हळूहळू फिरवलं. पिस्टन काठीला वर ढकलत गेला आणि अगदी वर येऊन थांबला. आता खूण काट्यासमोर हवी होती.

ती दोन बोटं लांब होती.

पुलीच्या आतलं रबर म्हातारं झालं होतं. बाहेरची कडी त्यावरून सरकली होती आणि तिच्याबरोबर खूणही. दोन वर्षांपूर्वीसुद्धा दोनच बोटं; म्हणजे दादाचा कान बरोबर होता, चुकली होती ती खूण. धाकटा तिथेच उकिडवा बसला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्याने डिस्ट्रिब्युटर मागे फिरवून पाहिला, डोळे मिटून पाहिले. त्याला काही कळेना. "बाई, बसा," तो म्हणाला, "चढावर घेऊन बघू." टेकडीच्या वाटेवर पहिला चढ संपतो तिथेच थोरल्याचं घर आहे, हे त्याने सांगितलं नाही.

थोरला फाटकात उभा होता. गाडी वळणावर असतानाच त्याने ती आवाजावरून ओळखली असणार.

"टायमिंग अजून जरा मागे घे," तो म्हणाला.

धाकटा खाली उतरला. "दादा, खूण सरकलेली होती. तेव्हापण."

थोरल्याने बाह्या वर सारल्या.

"उघड बोनेट," तो म्हणाला. "कान गेलेत ना माझे, जवळ जाऊन ऐकावं लागेल."